क्लास संपला, पण गाडी पार्किंगमध्येच

प्रश्न : मी 44 वर्षांची आहे. कर्वेनगरला राहते आणि टिळक रोडजवळच्या एका पतपेढीत नोकरी करते. पाडव्याला मिस्टरांनी माझ्यासाठी 110 सीसीची बिनगिअरची स्कूटर घेतली. एप्रिलमध्ये लर्निंग लायसन्स काढलं, मे महिन्यात दहा दिवसांचा क्लासही केला. लहानपणी सायकल शिकायची राहून गेली होती, त्यामुळे सगळंच नवीन. क्लासच्या मॅडम मागे बसायच्या तेव्हा गाडी छान जायची. क्लास संपल्यावर पहिल्यांदा एकटीने सोसायटीच्या गेटमधून गाडी बाहेर काढायला गेले, तर चढावर ती एकदम उसळली आणि कंपाउंडच्या भिंतीला धडकली. आरसा फुटला, गुडघा सोलवटला. मी ब्रेक दाबला होता, तरी गाडी पुढेच गेली. तेव्हापासून गाडीवर कव्हर आहे. मिस्टर शिकवायला तयार आहेत, पण इतकं ओरडतात की मला रडूच येतं. अकरावीतला मुलगा म्हणतो, तुला जमत नसेल तर मी वापरतो. परत क्लास लावू, की गाडी विकून टाकू?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर :

नमस्कार ताई,

गाडी विकू नका. आणि तोच क्लास पुन्हा लावायचीही घाई करू नका. तुम्हाला काय येत नाही ते आधी नेमकं कळू द्या, मग त्याच्यावर काम करता येईल.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य म्हणजे ‘मी ब्रेक दाबला होता, तरी गाडी पुढेच गेली.’ माझा यावर पूर्ण विश्वास आहे. नव्याने शिकणाऱ्या कितीतरी बायका हेच सांगतात, आणि घरचे त्यांना वेड्यात काढतात. झालं असेल ते असं. बिनगिअरच्या स्कूटरला क्लचची दांडी नसते. इंजिनचा वेग ठरावीक मर्यादेच्या वर गेला की आतला क्लच आपोआप धरतो आणि मागचं चाक ओढायला लागतं. ती ओढ थांबवायला उजव्या हाताची रेसची मूठ सोडावीच, म्हणजे परत फिरवून बंद करावीच लागते, दुसरा उपाय तुमच्या हातात नसतो. गेटच्या चढावर गाडी मागे यायला लागली म्हणून तुम्ही रेस दिलीत. गाडी झटक्याने निघाली, तुम्ही दचकलात. दचकल्यावर माणूस हातात असेल ते घट्ट धरतो आणि अंग मागे जातं. अंग मागे गेलं की उजवा हात मागे ओढला जातो आणि मूठ आणखी पिळली जाते. त्याच हाताची बोटं उजव्या ब्रेकवर असतात. म्हणजे तुम्ही ब्रेक दाबलात हे खरं, आणि त्याच हाताने रेसही दिलीत, हेही खरं. यात तुमच्या वयाचा किंवा बाई असण्याचा काही संबंध नाही. उजव्या मनगटाची ही सवय आहे आणि ती मोडता येते.

गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, अशा अवस्थेत सीटवर बसा. मूठ पूर्ण सोडलेली असताना उजवं मनगट कोपरापासून सरळ रेषेत, सपाट आहे का बघा. बहुतेक नवशिक्या मनगट वर उचलून, हाताचा बाक करून मूठ धरतात. अशा पकडीत हात जरासा मागे ओढला गेला तरी मूठ अर्धी फिरते. मनगट सपाट असेल तर तेवढं फिरायला जागाच राहत नाही. पकड बदला आणि मग नुसतं एवढंच करा : थोडी मूठ पिळा, पूर्ण सोडा, मग डावा ब्रेक. सोडा आणि दाबा, याच क्रमाने. स्वयंपाक होईपर्यंत कुकरच्या शिट्ट्या मोजता तशी रोज थोडा वेळ ही उजळणी करा. घाबरल्यावर विचार करायला वेळ नसतो, हात सवयीनेच चालतो.

डावा ब्रेक का, तर 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एकत्रित ब्रेक सक्तीचे आहेत. तुमच्या गाडीचा डावा ब्रेक दाबला की मागचं आणि पुढचं, दोन्ही चाकं धरली जातात. आणि डाव्या हातात रेस नसते. सुरुवातीचे काही आठवडे हळू वेगात थांबायचं ते डाव्या हाताने. उजवा ब्रेक हलकेच, त्याच्या जोडीला. हँडल वळलेलं असताना किंवा कच पडलेल्या जागी एकटा उजवा ब्रेक करकचून दाबलात तर पुढचं चाक घसरतं आणि गाडी सरळ आडवी होते.

भिंतीबद्दल आणखी एक. घाबरल्यावर नजर ज्याची भीती वाटते तिथेच खिळते, आणि नजर जिथे जाते तिथेच हँडल जातं. म्हणून पुढच्या चाकाकडे, भिंतीकडे, खड्ड्याकडे बघायचं नाही. जायचं आहे तिथे, लांब बघायचं. वळताना हनुवटी आधी वळवायची.

आता क्लासबद्दल. मॅडम मागे बसत होत्या तेव्हा तोल बऱ्याच अंशी त्या सांभाळत होत्या. दहा दिवसांत तुम्ही गाडी पुढे न्यायला शिकलात. पण गाडी हळू चालवायची कशी आणि हव्या त्या जागी थांबवायची कशी, हे एकटीने करायला मिळालंच नाही. माझं ठाम मत आहे की दुचाकी शिकण्यात हेच खरं शिक्षण. तीस-चाळीसच्या वेगाने गाडी सरळ नेणं कुणालाही जमतं, कारण वेगात गाडी आपणहून तोल धरते. पेठेतल्या गर्दीत चालण्याच्या वेगाने पाय न टेकता जाणं अवघड, आणि पुण्यात निम्मा वेळ तेच करावं लागतं.

सायकल येत नसल्यामुळे तुम्हाला एक पायरी जास्त चढायची आहे, एवढंच. त्यासाठी हलका उतार शोधा. रस्त्यावरचा नको, पार्किंगच्या रॅम्पसारखा तीव्रही नको. इंजिन बंद ठेवून सीटवर बसा, दोन्ही पाय जमिनीवर, आणि गाडी उतारावरून आपसूक घरंगळू द्या. दोन-तीन हात गेल्यावर डावा ब्रेक. गाडी थांबली की डावा पाय खाली. हे सरावाचं झालं की घरंगळताना पाय उचलून फूटबोर्डवर ठेवा. इंजिन बंद असलं तरी ब्रेक लागतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. गाडी उसळणार नाही याची खात्री असली की शरीर आपोआप सैल होतं आणि तोल कळायला लागतो. खांदे कानापाशी गेलेले असतील तर तोल कधीच येत नाही. उतार संपला की गाडी ढकलत वर न्यावी लागेल, ते मात्र दमवणारं आहे, कारण या गाड्यांचं वजन 105 ते 110 किलोच्या घरात असतं. घरातलं कुणीतरी मदतीला घ्या. आणि गाडी हाताने ढकलताना इंजिन नेहमी बंद. चालू गाडी बाजूला उभं राहून ढकलताना मूठ चुकून फिरते आणि गाडी हातातून सुटते. पार्किंगमधले अपघात बहुतेक असेच होतात.

त्यानंतर सपाटीवर, इंजिन चालू करून. इथे एक बारकावा कुणी सांगत नाही. अगदी हळू जाताना मूठ पूर्ण सोडली की आतला क्लच सुटतो, ओढ नाहीशी होते आणि गाडी डुलायला लागते. मग घाबरून आपण पुन्हा रेस देतो, गाडी धक्का मारते, पुन्हा सोडतो. म्हणून हळू जायचं असेल तर मूठ अगदी थोडी आणि एकसारखी धरून ठेवायची, आणि वेग कमी-जास्त करायचा तो डाव्या ब्रेकच्या हलक्या दाबाने. गाडी गुरगुरत, पण शांतपणे पुढे सरकते. हे साधलं की लायसन्सच्या ट्रॅकवर आठ काढणं, गेटमधून वळणं आणि चढावरून निघणं, तिन्ही सुटतात. चढावर आधी डावा ब्रेक धरून ठेवायचा, मूठ किंचित द्यायची, गाडीने ओढ घेतल्याचं सीटखाली जाणवलं की ब्रेक हळूहळू सोडायचा. तुमच्या गेटवर हेच करायचं होतं, पण ते तुम्हाला कुणी दाखवलंच नव्हतं.

सरावाला जागा? म्हात्रे पूल ते राजाराम पूल हा डीपी रस्ता तुमच्या जवळ आहे. मंगल कार्यालयांमुळे संध्याकाळी तिथे गर्दी असते, पण रविवारी सकाळी लवकर तो बराच मोकळा मिळतो. फिरायला आलेल्या माणसांकडे लक्ष ठेवा. गाडी तिथपर्यंत लायसन्स असलेल्या कुणाला तरी नेऊ द्या. तुम्ही फक्त सराव करायचा. अमुक किलोमीटर झालेच पाहिजेत, असं काही नाही. दमलात की थांबा. दमलेल्या हाताने शिकलेलं टिकत नाही.

आता मिस्टर. त्यांनी गाडी घेऊन दिली, शिकवायलाही तयार आहेत, म्हणजे त्यांची इच्छा चांगलीच आहे. पण ज्याला एखादी गोष्ट वर्षानुवर्षं येते त्याला ती न येणं म्हणजे काय, हे आठवत नाही. शिवाय तुम्ही पडाल या भीतीने त्यांचा आवाज चढतो. त्यांना स्पष्ट सांगा : ‘तुम्ही बरोबर या, गाडी ढकलायला मदत करा, समोरून कोण येतंय ते बघा. पण मी गाडीवर असताना बोलायचं नाही. जे सांगायचं ते मी थांबले की सांगा.’ हे त्यांना पाळता आलं तर फार उत्तम. नाही आलं तर त्यांना आणू नका. ऑफिसमधली, बिल्डिंगमधली एखादी मैत्रीण बघा, जी स्वतः मोठेपणी शिकली आहे. तिला तुमची अडचण न सांगता कळेल. तीही नसेल तर क्लास लावा, पण जाऊन आधी विचारा : मला एकटीला चालवू देणार का? तुम्ही मागे न बसता शेजारून चालाल का? ‘हो’ म्हणाले तरच पैसे भरा.

मुलाच्या बाबतीत मात्र माझं उत्तर सरळ नाही असं आहे. सोळाव्या वर्षी कायद्याने फक्त 50 सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवता येते, तीही पालकांच्या संमतीने लायसन्स काढून. तुमच्या 110 सीसीच्या गाडीला 18 पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलाने गाडी नुसती चालवली, अपघात झाला नाही, तरी मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘दुधाची पिशवी आणायला कोपऱ्यापर्यंत’ यालाही सूट नाही. किल्ली त्याच्या हाती पडणार नाही अशा जागी ठेवा.

लायसन्सचं थोडक्यात. लर्निंग 6 महिने चालतं, म्हणजे तुमचं ऑक्टोबरमध्ये संपेल. पक्क्या लायसन्सची चाचणी 30 दिवसांनंतर कधीही देता येते, तेव्हा सप्टेंबरअखेरची तारीख लायसन्सच्या सरकारी ‘सारथी’ पोर्टलवर आत्ताच बघून ठेवा. चाचणी कुठे आहे ते अपॉइंटमेंटच्या कागदावर लिहिलेलं असतं. नापास झालात तर 7 दिवसांनी पुन्हा देता येते, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. तोवर पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा, आणि शिकवणारी लायसन्सधारक व्यक्ती सोडून डबल सीट कुणालाही घ्यायचं नाही. लायसन्सच्या अटी मोडून चालवताना काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते, हेही लक्षात असू द्या.

गाडी मेपासून उभी आहे, तेव्हा सरावाला काढण्याआधी एकदा सर्व्हिस सेंटरला दाखवून आणा. पहिली फ्री सर्व्हिस नुसत्या किलोमीटरवर नसते, तारखेवरही असते. बॅटरी उतरलेली असेल, चाकांतली हवा कमी झालेली असेल. हवेचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, पुढच्या चाकाचा वेगळा आणि मागच्याचा वेगळा. दोन्ही आरसे हवेतच. उजवीकडे वळताना मागून सुसाट येणारा आधी आरशात दिसतो. आरशात बघा, इंडिकेटर द्या, एकदा मान वळवून बघा, मगच हँडल वळवा. आणि वळून झालं की इंडिकेटर बंद करा. तो तसाच लुकलुकत राहिला तर मागचा माणूस फसतो.

हेल्मेट आयएसआय मार्कचं, आयएस 4151 लिहिलेलं घ्या. नव्या गाडीबरोबर डीलरने हेल्मेट द्यायचं असतं, पण ते तुमच्या मापाचं असेलच असं नाही. घालून, पट्टा लावून मान जोरात हलवा. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर सरकता कामा नये. आपल्याकडे आधी स्कार्फ गुंडाळतात आणि त्यावर हेल्मेट चढवतात. जाड स्कार्फ आणि मागे मोठा क्लिप असेल तर हेल्मेट नीट बसतच नाही. केस खाली बांधा, पातळ सुती स्कार्फ घ्या, आणि दुकानात तोच बांधून माप बघा. ओढणीची दोन्ही टोकं आत खोचलेली हवीत, साडी असेल तर पदरही. मागच्या चाकात अडकलेली ओढणी मानेला फास बसवते, हे मी तुम्हाला मुद्दाम घाबरवायला सांगत नाही. रोज शेकडो ओढण्या पुण्यात चाकापासून वीतभर अंतरावर फडफडत जातात, म्हणून सांगते.

पाऊस अजून आहे. भुरभुर सुरू झाल्याझाल्या रस्ता सगळ्यात निसरडा असतो, कारण तेल आणि धूळ पाण्यावर तरंगत असते. दहा मिनिटं आडोशाला थांबा. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, ड्रेनेजची लोखंडी झाकणं, खोदकामांवर टाकलेल्या पत्र्याच्या प्लेटा, यांच्यावरून सरळ आणि ब्रेक न लावता जायचं. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही, तेव्हा त्यातून जाऊ नका. स्पीडब्रेकरच्या आधी वेग कमी करा, वर चढल्यावर ब्रेक नको.

चाळीसच्या वेगाने गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते, आणि समोरचं बघून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद सहज निघून जातो. विसाच्या वेगाने तेच अंतर निम्मं होतं. म्हणून पहिले काही महिने कुणी कितीही हॉर्न वाजवला तरी विसा-पंचविसानेच जा. हॉर्न वाजवणारा तुम्हाला ओलांडून जाईल, त्याला जाऊ द्या. पण त्याच्यासाठी अगदी कडेला दबू नका. कडेला उभ्या गाड्यांची दारं उघडतात, तिथेच खडी असते आणि जाळ्याही. कडेपासून हातभर आत, एका सरळ रेषेत चालवा. मोठ्या चौकात उजवीकडे वळायची भीती वाटली तर गाडी डावीकडे घ्या, बंद करा आणि झेब्रावरून ढकलत पलीकडे न्या. त्यात कमीपणा कसला?

ऑफिसला गाडी न्यायची ती पक्कं लायसन्स हातात आल्यावर. गणपतीच्या दहा दिवसांत पेठांकडे आणि टिळक रोडकडे गाडी नेऊच नका. मांडव असतात, रस्ते बंद असतात, पोलिस वाहतूक वळवतात. तेव्हा बसच बरी. त्यानंतर कर्वे रोडने जाण्याऐवजी डीपी रस्त्याने म्हात्रे पूल, तिथून नवी पेठेतला शास्त्री रस्ता आणि मग टिळक रोड, असं जाऊन बघा. सराव याच डीपी रस्त्यावर झालेला असेल, त्यामुळे निम्मी वाट ओळखीची असेल. आधी एकदा रिक्षाने त्याच वाटेने जा आणि कुठे एकेरी आहे, कुठे उजवं वळण आहे, बस कुठे थांबतात ते बघून ठेवा. ऑफिसपाशी गाडी लावायची जागाही तेव्हाच हेरा, म्हणजे पोचल्यावर गोंधळ होणार नाही. मेन स्टँडवर लावताना गाडी उचलू नका. डावा हात हँडलवर, उजवा मागच्या कडीवर, आणि उजव्या पायाने स्टँडवर अंगाचा सगळा भार द्या, गाडी आपोआप मागे चढते.

पहिला दिवस शक्यतो शनिवार निवडा, तुमची पतपेढी दुपारी बंद होत असेल तर. सकाळी सगळ्यांना जमतं. संध्याकाळी सहानंतर दमलेलं अंग, समोरून येणारे दिवे आणि म्हात्रे पुलावरची रांग, हे पहिल्याच दिवशी नको. आठच्या ऐवजी साडेसातला निघा. घरचे काळजीने फोन करतील, वाजू दे. फोन डिकीत ठेवा आणि गाडी लावून झाल्यावर मिस्टरांना उलटा फोन करा.